गेवराईपर्यंतचं टोचन

माणसानं हट्टी असावं, पण किती? त्याला काही माप असतं का नाही? अंगदला घडवताना देव ते माप घरी विसरून आला होता, असं कडूबाईचं म्हणणं. आणि कडूबाईचं म्हणणं म्हणजे उगं तोंडची वाफ नव्हे, उभा जन्म त्याच्यासोबत काढून दिलेला निकाल. नाव कडूबाई आणि जीभही नावाला जागणारी. पण त्या दुपारी गंगेच्या काठावर उभ्या असलेल्या त्या बाईच्या तोंडून शब्द फुटत नव्हता.

गोदावरीला इकडं गंगाच म्हणतात. उमापूरच्या पुढं, अगदी काठाला टेकलेली त्यांची वस्ती. पाणी ओसरलं की गंगेत उरते ती वाळू, आणि एवढी रुंद की पल्याडचा माणूस अंगठ्याएवढा दिसतो. पूल लांब. वळसा घालून जायचं तर दिवस मोडतो. म्हणून अंगदची जीप. जुनी, खडखडणारी, पण चारी चाकांनी ओढणारी, फोर बाय फोर. थंडी पडली की अंगद अनवाणी वाळूत उतरायचा, घट्ट कुठं आणि पोकळ कुठं ते तळव्यानं चाचपत पल्याडपर्यंत जायचा, आणि येताना त्या वाटेवर तुराट्या रोवत यायचा. प्रत्येक तुराटीला कडूबाईच्या जुन्या लुगड्याची चिंधी. मग पावसाळा लागेपर्यंत त्या चिंध्यांच्या बाजूबाजूनं जीप चालायची. बाजाराची माणसं, माहेरवाशिणी, परीक्षेची पोरं, शेरडं. एकदा तर अख्खी वरात, बँडवाल्यांसकट. शेतरान नव्हतं त्यांना. दोन पोरी उजवल्या त्या ह्या जीपच्या जिवावर.

ती जीप आता गंगेच्या मधोमध नाक खुपसून पडली होती, आणि वरच्या धरणातून पाणी सुटलं होतं.

झालं ते ऐकाल तर कपाळाला हात लावाल. गावात अमरसिंह म्हणून एक वाळूवाला. गंगेतून वाळू उपसायची, ट्रॅक्टरनं काढायची, तहसीलचं पथक आलं की पळायचं, हा त्याचा धंदा. त्याच्या खड्ड्यांनी अंगदची वाट दरवर्षी मोडायची. शेवटी अंगदनं तहसीलला अर्ज दिला. मग दुसरा दिला. तेव्हापासून दोघांचा अबोला. पिठाच्या गिरणीत समोरासमोर उभे राहतील, पण एक शब्द नाही. बोलायचंच झालं तर तिसऱ्याच्या तोंडून. गावालाही त्याची सवय झाली होती.

त्या दिवशी सकाळी अमरसिंहनं शेजारच्या रामकडं निरोप दिला होता. वाटेत मध्यावर खड्डा पडलाय, वरून ओल्या वाळूचा पापुद्रा धरलाय, दिसायचा न्हाई, आज डावीकडून काढ म्हणावं. रामनं तो कडूबाईला सांगितला, कडूबाईनं नवऱ्याला. अंगद तेव्हा जीपची काच पुसत होता.

"कुणी सांगितलं?" त्यानं विचारलं.

"अमरसिंहानं."

"मग तर उजवीकडंबी न्हाई आन् डावीकडंबी न्हाई. सरळच जातो. माझी वाट हाय ती."

आणि गेला की सरळ. खड्डा आहे हे ठाऊक असून, तो कुठं आहे हेही ठाऊक असून, केवळ सांगणारा अमरसिंह म्हणून. पुढची दोन्ही चाकं पापुद्रा फोडून आत गेली, खाली कडाड असा आवाज झाला आणि पुढचा एक्सल मोडला. आतली माणसं पटापट उड्या टाकून चालत काठाला आली. कुणाला खरचटलंही नाही, एवढी गंगामायची कृपा. एकटा अंगद तेवढा जागेवरून हलला नाही.

मग ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारा झाला की पाणी सुटलंय, कुणी नदीत जाऊ नये, जनावरं वर घ्यावीत. वरच्या गावांतून फोन यायला लागले. इथपर्यंत आलं, तिथपर्यंत आलं. राम आपला छोटा ट्रॅक्टर घेऊन उतरला, जीपला दोर बांधून ओढायला गेला, तर जीप हलेना आणि ट्रॅक्टरच मागच्या चाकांनी आपली कबर खणायला लागला. कसाबसा तो माघारी आणला. उसाचे दिवस, गावातले बाकीचे मोठे ट्रॅक्टर कारखान्याला गेलेले. बैलंही तोडीवर. एकच यंत्र होतं जे तिथून जीप उपटू शकलं असतं, ते म्हणजे अमरसिंहचा लाल ट्रॅक्टर. तोही चारी चाकांनी ओढणारा, मागं वायर रोप लावलेला. आणि तो उसात लपवलेला होता. कावून? तर काठावर तहसीलचं पथक उभं होतं. आणि पथक कावून? तर अंगदनंच गेल्या आठवड्यात तिसरा अर्ज दिला होता.

आता बोला. स्वतःच्या हातानं स्वतःच्या पायावर धोंडा कसा पाडून घ्यावा, हे कुणी अंगदकडून शिकावं.

"उतर म्हणावं त्याला," माणसं कडूबाईला म्हणत होती. "लोखंड हाय ते. दुसरं मिळंल."

ती दोनदा वाळू तुडवत जाऊन आली होती. अंगद स्टिअरिंग धरून बसला होता, समोर बघत. "गाडी निघाली की निघतो," एवढंच म्हणाला. तिनं शिव्या घातल्या, हात धरून ओढला, शेवटी रडली. तो हलला नाही. सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही. जीप वाचली तर माणूस वाचेल, एवढा सरळ हिशोब तिच्या समोर होता. ती पदर खोचून उसाकडं निघाली.

लाल ट्रॅक्टर कुठं आहे हे पथक सोडून साऱ्या गावाला ठाऊक होतं. वरून पाचट टाकून झाकलेला, आणि त्याच्या चाकाला टेकून अमरसिंह बसला होता. चाळिशीचा, रुंद खांद्याचा गडी. तिला बघून तो उठला नाही, पण डोक्यावरचा रुमाल मात्र सारखा केला.

"अडला हरी म्हणतात तसं आलीस का वैनी?"

"म्हण पुरी कर भाऊजी. मंग गाढव कोण ते बी कळंल."

तो हसला. मग हसू गेलं. "काठावर तलाठी मॅडम हाय. ह्या ट्रॅक्टरचा फोटो हाय त्यांच्याजवळ. दिसला की गेला."

"म्हाईत हाय."

"आन् त्यांला बोलावलं तुझ्याच मालकानं."

"ते बी म्हाईत हाय. मी तुला ये म्हणाया न्हाई आले. काय चाललंय ते सांगाया आले. पुढं तुझं तू बघ."

"उतरला का त्यो?"

"न्हाई. स्टेरिंग धरून बसलाय."

अमरसिंहनं उसाकडं बघितलं, मग आपल्या पायांकडं. त्याच्या घरी दुसरं काही नव्हतं, हे कडूबाईलाही माहीत होतं. त्याचं सगळं त्या लाल लोखंडातच होतं, जसं तिचं त्या जीपमध्ये. वाऱ्यानं पाचट सळसळलं.

"खड्डा माझाच हाय, वैनी," तो म्हणाला आणि ट्रॅक्टरवरचं पाचट ओढून काढायला लागला.

काठावर तेव्हा निम्मं गाव गोळा झालं होतं. तलाठी धनश्री मॅडम, त्यांचे दोन कोतवाल, त्यांची सरकारी गाडी. त्या मॅडमही माणूसच होत्या. सकाळपासून हात जोडून अंगदला हाका मारून त्यांचा घसा बसला होता. एवढ्यात उसाच्या फडातून लाल ट्रॅक्टर बाहेर आला. दिवसाउजेडी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. माणसं आपोआप बाजूला झाली. मॅडमनी हात वर केला, थांब म्हणून. अमरसिंह थांबला नाही, पण त्यानं पळवलाही नाही. त्यांच्या जवळून हळू नेत तो म्हणाला, "मॅडम, ह्यो इथंच परत आणतो. कुठं पळत न्हाई." आणि ट्रॅक्टर गंगेत उतरला. मॅडमचा हात तसाच वर राहिला.

कडूबाई त्याच्या मागं धावली. कोतवालानं तिला काठाच्या खडकावर अडवलं, तिथून पुढचं सगळं तिनं उभ्यानं बघितलं.

आधी पाखरं आली. बगळे, टिटव्या, नाव नसलेली बारकी पाखरं, वरच्या अंगानं थवेच्या थवे, वाळूला लागून उडत. पाण्याच्या पुढं पळणारे किडे टिपत ती येत होती. मग आवाज. मोठा नाही. वाळल्या पाचटावरून कुणी पाय ओढत यावं, तसा. आणि मग वळणावर गंगा दिसली. लोकांना वाटतं पाणी भिंतीसारखं येतं. तसं नाही. तपकिरी रंगाची एक रुंद जीभ आली, कडेला फेस, फेसात काटक्या, भुसा, कुणाच्या शेतातली वाहून आलेली चप्पल. ती वाळूवर पसरायची, वाळू तिला पिऊन टाकायची, जागोजाग बुडबुडे उठायचे, आणि मागून दुसरी जीभ पहिलीच्या वरून यायची. कोरडी गंगा कडूबाईच्या डोळ्यांदेखत जिवंत होत होती. जन्म काठावर गेला, पण हे येणं तिनं असं समोरून कधी बघितलं नव्हतं. भीती कुठं संपली आणि हात कधी जोडले गेले, तिचं तिला कळलं नाही. शेजारच्या बायांनीही पदर डोक्यावर घेतले होते.

खाली लाल ट्रॅक्टर सरळ जात नव्हता. डावीकडं, मग उजवीकडं, मग पुन्हा डावीकडं. ज्यानं गंगा पोखरली त्यालाच ती कुठं शाबूत आहे ते ठाऊक. जीपपासून थोड्या अंतरावर त्यानं तो फिरवला, पाठ जीपकडं केली आणि उतरून वायर रोपचा हुक अंगदच्या पुढ्यात टाकला.

अंगदनं हुकाकडं बघितलं. मग अमरसिंहकडं. वरच्या अंगानं पाण्याची पहिली जीभ जीपच्या चाकापर्यंत आली होती. कडूबाईनं ओळखलं. आता हा बाबा म्हणणार की तुझ्या दोरानं मी निघत नाही. तो म्हणू शकत होता. तो तसलाच होता.

अंगद खाली उतरला. गुडघ्यावर बसून त्यानं हुक मागच्या चेसिसला अडकवला, ओढून बघितला, आणि परत जाऊन स्टिअरिंग धरलं.

ट्रॅक्टरनं ओढ घेतली. रोप ताणला गेला, ट्रॅक्टरची पुढची चाकं जराशी उचलली, काळा धूर सरळ वर गेला. जीप हलली नाही. पाणी घोट्याएवढं झालं. पुन्हा ओढ. आता जीपचं बूड जरासं सरकलं आणि परत बसलं. अमरसिंहनं ट्रॅक्टर थोडा तिरका घेतला, अंगदनं तिकडं न सांगता स्टिअरिंग फिरवलं. तिसऱ्या ओढीला खड्ड्यानं मोठा उसासा टाकल्यासारखा आवाज केला आणि जीप चिखल गाळत वर आली. म्हातारे म्हातारे गडी तोंडात बोट घालून बघत होते. पाणी मागं, त्याच्या पुढं जीप उलट्या तोंडानं, जीपच्या पुढं लाल ट्रॅक्टर, आणि दोन्ही गाड्या एकाच दोरात डावी-उजवी वळणं घेत काठाकडं येत होत्या. त्यांच्यामागं चिंध्यांच्या तुराट्या एकेक करून आडव्या पडत होत्या.

जीप काठावर आली तशी कडूबाई धावत पुढं गेली. तिनं आधी जीपला हात लावला, मग नवऱ्याला. मग नवऱ्याच्या दंडाला एक चिमटा असा काढला की तो कळवळला. मागं बघितलं तर मघा जिथं खड्डा होता तिथून गंगा बिनघोर वाहत होती, पल्याडपर्यंत पाणीच पाणी, उन्हात चमकणारं.

धनश्री मॅडम पुढं आल्या. "अमरसिंह, मला हे करावं लागतंय," त्या म्हणाल्या. "ट्रॅक्टर जप्त."

"करा मॅडम. मी कुठं नगं म्हणलो?"

माणसं कुजबुजली. एकदोघं मॅडमशी वाद घालायला पुढं झाले, त्यांना अमरसिंहनंच हातानं मागं सारलं. अंगद जीपला टेकून खाली बघत उभा होता. आणि तेव्हा कडूबाईच्या जिभेला पुन्हा जाग आली.

"जप्त करून नेणार कुठं, मॅडम?"

"गेवराईला. तहसीलच्या आवारात."

"गेवराईलाच ना? आमच्या जीपला बी गेवराईलाच जायचंय, नबीभाईच्या गॅरेजला. मंग मोकळा कावून न्यायचा ट्रॅक्टर? बांधा की टोचन."

मॅडम तिच्याकडं बघत राहिल्या. कायद्यात असं काही लिहिलेलं नसावं, पण असं करू नये असंही लिहिलेलं नसावं. त्यांनी कोतवालाकडं बघितलं, कोतवालानं आभाळाकडं बघितलं. "चला," त्या म्हणाल्या.

टोचन म्हणजे मोडकी गाडी चालत्या गाडीला बांधून न्यायची. ऐकायला सोपं. अंगदनं आधी जीपखाली निजून मधला शाफ्ट मोकळा केला, नाहीतर ओढताना गिअरबॉक्स जळतो. पुढची चाकं तारेनं आवळून सरळ केली. मग दोर. आणि मग टोचनाचा खरा नेम, जो ड्रायव्हर लोकांना आईच्या दुधासारखा ठाऊक असतो : ओढायचं पुढच्यानं, थांबवायचं मागच्यानं. दोर ढिला पडू द्यायचा नाही. पुढच्यानं वेग कमी केला की मागच्यानं त्याच्या आधी ब्रेक दाबायचा, नाहीतर मागची गाडी पुढच्याच्या अंगावर. म्हणून टोचनात मागच्याची नजर रस्त्यावर नसते, पुढच्याच्या पाठीवर असते. पुढच्याला मात्र मागं बघता येत नाही. त्यानं आपली पाठ दुसऱ्याच्या हवाली करायची असते.

कडूबाई अंगदच्या शेजारी बसली. इंजिन बंद, म्हणून ब्रेक दगडासारखा. दिवसभर बसून आखडलेल्या पायानं अंगद तो दाबत होता आणि तो "ओढ" म्हणाला की कडूबाई दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढत होती. उमापूर गेलं. पुढं लाल ट्रॅक्टर, मध्ये दोर, मागं जीप आणि सगळ्यात मागं सरकारी गाडी. रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. ज्या दोघांनी दोन वर्षं एकमेकांचं तोंड बघितलं नाही ते दोघं एका दोरात चालले होते. अमरसिंह खड्डा आला की डावा हात जरासा उचलायचा. हात पुरता वर जायच्या आत अंगदचा पाय ब्रेकवर असायचा. उतारावर दोर एकदाही ढिला पडला नाही. हायवेच्या गर्दीत, ट्रकांच्या भोंग्यांत, एकदाही नाही. कडूबाई कधी त्या उचललेल्या हाताकडं बघायची, कधी नवऱ्याच्या पायाकडं. नवरा-बायकोलासुद्धा एवढं बिनबोलता कळत नाही, असं तिला वाटलं, आणि तिला हसायलाही आलं, रडायलाही.

नबीभाईचं गॅरेज हायवेच्या कडेलाच. नबीभाई पांढऱ्या दाढीचे, हाताला कायम ग्रीस. ते जीप बघून "या अल्ला" म्हणाले आणि चटई घेऊन लगेच खाली शिरायला निघाले. अंगदची एक रीत त्यांना पाठ होती. जीप उघडी असली की तो तिथून हलायचा नाही. भाकरी तिथं, झोप तिथं, प्रत्येक बोल्टवर नजर. नबीभाईंनी त्याच्यासाठी स्टूल पुसून ठेवलं.

अंगदनं दोर सोडला. त्याची नीट गुंडाळी केली आणि ट्रॅक्टरला मागं अडकवली. सरकारी गाडी पुढं होऊन थांबली होती, मॅडम वाट बघत होत्या. अमरसिंह स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता, कुणाकडं न बघता. आता त्याला एकट्यानं जायचं होतं आणि परतताना पायी यायचं होतं.

अंगदनं ट्रॅक्टरच्या पायदानावर पाय ठेवला आणि वर चढून मडगार्डवर बसला.

"तू कुठं?" अमरसिंह म्हणाला. दोन वर्षांनंतरचा पहिला शब्द.

"तुझ्यासंगं."

"कावून बे?"

"दोन वर्षं चकरा मारल्यात तिथं, तुझ्यापायी. कुठल्या खिडकीत जायचं, कुणाला भेटायचं, तुला काय ठाऊक. अर्ज मीच दिलता, आता सांगायचं ते बी मीच सांगतो. चल, मॅडम थांबल्यात."

अमरसिंहनं रुमालानं तोंड पुसलं, आणि जरा जास्तच वेळ पुसलं. मग ट्रॅक्टर सुरू केला.

अंगदनं जीपकडं वळून बघितलं नाही. ज्या गाडीसाठी तो सकाळी गंगेला जीव द्यायला बसला होता, ती तिथं चिखलात माखलेली, बॉनेट उघडं टाकून उभी होती, आणि तो गर्दीत ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून तहसीलकडं चालला होता. कडूबाईनं गंगा येताना बघितली होती. पण हे बघून तिच्या अंगावर जो काटा आला तो गंगेनंही आणला नव्हता. दोघांची डोकी ट्रकांच्या आड जाईपर्यंत ती रस्त्यातच उभी राहिली.

"भाभी," नबीभाई म्हणाले. त्यांच्या हातात पाना तसाच होता. "अंगदभाई गेले? मालक समोर असल्याबिगर मी ह्या गाडीचा एक बोल्ट कधी खोलला न्हाई."

कडूबाईनं पदरानं डोळे पुसले आणि स्टूल ओढून घेतलं.

"खोला नबीभाई," ती म्हणाली. "त्यांला यायला येळ लागंल."